अल्प्राझोलाम कमी करतेय आणि झोपेची गोळीही लागू पडेना. तुम्ही रात्री कशा काढल्या?

कृष्णाकाठ | १४ जुलै, पहाटे ३:१०

पहाटेचे तीन वाजून गेलेत. बाहेर पाऊस आहे. घरात सगळे झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात छोटा दिवा लावून हे टाइप करतेय.

सांगलीत राहते, वय ५१, शाळेत मराठी शिकवते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. आम्ही नऊ दिवस मिरजेला भावाकडे होतो. परत आल्यावर चिखल उपसला, भांडी घासली, सगळं केलं. पण रात्री पावसाचा आवाज आला की उठायचे आणि दाराच्या फटीला हात लावून बघायचे, ओल लागतेय का. महिनाभर असं चाललं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी चिंता कमी करणारी अल्प्राझोलाम ०.२५ मिग्रॅ लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांची सहा वर्षं झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा ०.५ झाली, आणि नंतर कधीतरी रात्री १ मिग्रॅ.

यंदा फेब्रुवारीत लेकीने धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डोस उतरवायला सुरुवात केली. १ वरून ०.७५ ला फार त्रास झाला नाही. मे महिन्यात ०.७५ वरून ०.५ वर आले आणि झोप उडाली ती उडालीच. कानात सतत किणकिण, छातीत धडधड, पोटऱ्यांत बारीक उड्या. शाळेची घंटा वाजली की अंगावरून काटा जातो.

तेव्हा फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन झोपेचं काहीतरी द्या म्हणाले. त्यांनी झोल्पिडेम ५ दिली. पहिला आठवडा किती शांत गेला म्हणून सांगू. तिसऱ्या आठवड्यापासून बरोबर दोन वाजता टक्क जाग. मग मीच दोन घ्यायला लागले. आता दोन घेऊनही तीच गत, दोनदा तर मध्यरात्री तिसरी घेतली.

गेल्या बुधवारी सकाळी ओट्यावर पोहे भिजवलेले होते, कांदा चिरलेला होता आणि गॅसवर रिकामी कढई होती. घरात दुसरं कुणी उठलं नव्हतं. मला यातलं काहीही आठवत नाही.

तेव्हापासून हात थरथरतोय. अल्प्राझोलाम पुन्हा वाढवू का? झोल्पिडेमऐवजी दुसरी कुठली गोळी मागू? की आता माझी झोप गेली ती गेलीच?

---

पारिजात_अंगण | १४ जुलै, सकाळी ६:४०

ताई, झोप गेलेली नाही. हे मी आधी लिहितो, कारण मी या पायरीवर बसून आलोय. क्लोनाझेपाम नऊ वर्षं, उतरवायला चौदा महिने. मधल्या काळात झोपेसाठी तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या आणि प्रत्येकीची गोष्ट तुमच्यासारखीच: आठवडाभर स्वर्ग, मग पुन्हा छताकडे बघत पडणं.

आज रात्रीपासून एक करा. झोल्पिडेमची स्ट्रिप आणि कढई-लायटर दोन्ही तुमच्या हाती लागणार नाहीत असं ठेवा. गॅसचा कॉक घरच्यांना बंद करायला सांगा, घराची किल्लीसुद्धा त्यांच्याकडे द्या. आणि मानसोपचारतज्ज्ञांना झोल्पिडेमबद्दल माहीत आहे का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की नाही.

---

कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी ७:०५

नाही. सांगितलेलं नाही. एवढं चांगलं चाललंय म्हणत होते ते, मला लाज वाटली.

---

शिवारवाट | १४ जुलै, सकाळी ८:३०

कृष्णाकाठ ताई, मनापासून सांगतो, राग मानू नका. या सगळ्या गोळ्या म्हणजे एकीवर दुसरी. आजच्या आज सगळ्या बंद करा. चार दिवस जागरण होईल, मग शरीर थकून आपोआप झोपेल. दिवसभर शेतात राबणाऱ्याला कुठे गोळी लागते? संध्याकाळी चालायला जा, रात्री जायफळ घालून दूध घ्या, मन घट्ट करा.

---

उत्तररात्र | १४ जुलै, सकाळी ९:१५

शिवारवाट दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, पण कृपा करून हा सल्ला कुणालाच देऊ नका. मी का म्हणतेय ते लिहिते.

माझे मामा पाच वर्षं अल्प्राझोलाम घेत होते, दिवसातून तीनदा. पायी वारीला निघाले तेव्हा गोळ्यांचा डबा घरीच ठेवला. "माउलीच्या वाटेवर गोळी कशाला," म्हणाले. आळंदी ते पुणे ठीक गेले. पुण्याच्या मुक्कामात झोपले नाहीत, घाम येत होता, हात कापत होते. दिंडीतल्यांना वाटलं उन्हाचा त्रास. दिवे घाट चढून सासवडला पोचले आणि तंबूत पाणी पिता पिता त्यांना फिट आली. आयुष्यात कधी आली नव्हती. जीभ चावली, दात पडला. दिंडीबरोबरच्या अँब्युलन्सने दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली गोळी बंद केली का?"

मामांचं मन घट्ट नव्हतं असं कोण म्हणेल? पंधरा वाऱ्या केलेला माणूस तो. हा मनाचा प्रश्नच नव्हता.

---

शिवारवाट | १४ जुलै, सकाळी ९:५०

मला फिट येऊ शकते हे खरंच माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. संपादकांनी तो प्रतिसाद उडवला तरी चालेल. मामा आता कसे आहेत?

---

उत्तररात्र | १४ जुलै, सकाळी १०:०२

बरे आहेत. पुढच्या वर्षी डबा घेऊन गेले, डॉक्टरांनी लिहून दिलेला कमी डोस वेळेवर घेत पंढरपूरपर्यंत चालले. तुमचा प्रतिसाद राहू द्या, खाली उत्तर आहे. असा सल्ला घरोघरी मिळतो, तो इथे दिसलेला बरा.

---

स्टेथोस्कोप | १४ जुलै, दुपारी २:२०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, नाशिकला. इथून कुणाचा डोस ठरवणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण जे घडतंय ते का घडतंय, हे कळलं की निम्मी भीती जाते, म्हणून लिहितो.

मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. ती गाबाच्या ग्रहणकेंद्रावर बसतात आणि गाबाचं म्हणणं मोठ्याने ऐकवतात. घरात कुणी सतत मोठ्याने बोलत असलं की आपले कान हळूहळू ते मनावर घेईनासे होतात. मेंदूचंही तसंच. वर्षभर मोठ्या आवाजात ऐकलं की तो आपली ऐकण्याची क्षमताच खाली आणतो. यालाच आपण टॉलरन्स म्हणतो. मग गोळी कमी केली की स्वतःचा गाबा तेवढाच बोलत असूनही मेंदूला ऐकू येत नाही. कानातली किणकिण, धडधड, स्नायूंच्या उड्या, घंटेने दचकणं हे सगळं त्याचंच रूप. मेंदूचे कान पुन्हा तीक्ष्ण होतात, पण त्याला आठवडे आणि महिने लागतात.

आता झोल्पिडेम. तिचं रासायनिक कूळ वेगळं, म्हणून पुष्कळांना, आणि कधीकधी डॉक्टरांनाही, ती अगदी निराळी गोळी वाटते. पण ती बसते त्याच ग्रहणकेंद्रावर, त्याच जागी. ज्या जागेचे कान आधीच बधिर झालेत तिथेच तुम्ही आणखी एक माणूस बोलायला उभा केलात. म्हणून ती लवकर निकामी झाली. तुमची झोप मेली असा त्याचा अर्थ होत नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्ही एका दाराने गोळी कमी करत होता आणि दुसऱ्या दाराने तिचीच चुलत बहीण आत घेत होता, त्यामुळे मेंदूला सुधारायला उसंतच मिळाली नाही.

दोन वाजता जाग येण्याचंही सरळ कारण आहे. झोल्पिडेमचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, अडीच तासांच्या आसपास. दहाला घेतली तर दोनपर्यंत तिचा जोर बराचसा ओसरतो. अल्प्राझोलामचं साधारण ११ तास, म्हणून रात्रीच्या एका डोसवर असणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अस्वस्थ वाटतं. क्लोनाझेपामचं ३० ते ४० तास, डायझेपामचं त्याहून लांब. म्हणूनच काही रुग्णांना आम्ही आधी लांब पल्ल्याच्या औषधावर नेतो आणि मग उतरवतो. तुमच्या बाबतीत ते करायचं की नाही, हे तुम्हाला तपासणारेच ठरवतील.

पोह्यांचा प्रकार मात्र टाळू नका. झोल्पिडेमवर असताना माणसं झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात, आणि सकाळी काही आठवत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१९ मध्ये याबद्दल सर्वात कडक चौकटीतला इशारा दिला. एकदा असं घडलं की त्या माणसाने ही गोळी पुढे घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी या गोळीचा शिफारस केलेला डोस १० वरून ५ वर आणला होता, कारण स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते. तुम्ही १० आणि कधी १५ घेत होता. आजच्या आज तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. स्वतःहून एकदम तोडू नका, ती कशी थांबवायची हे त्यांनाच विचारा.

आणि लाजेचं म्हणाल, तर माझ्यासमोर बसलेल्या दर तिसऱ्या-चौथ्या रुग्णाच्या पर्समध्ये न सांगितलेली एक स्ट्रिप असते. मी रागावत नाही. मला ती स्ट्रिप बघायला मिळाली की सुटल्यासारखं वाटतं.

---

वाटसरू_८२ | १४ जुलै, रात्री ९:३०

डॉक्टरसाहेब, एक पेग घेऊन झोपणारे मित्र आहेत. तेही याच उतरणीवर आहेत.

---

स्टेथोस्कोप | १४ जुलै, रात्री १०:१०

दारूही याच गाबावर काम करते. त्यात बेन्झो किंवा झोल्पिडेम मिसळली तर श्वास मंदावू शकतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. मित्रांना आजच सांगा. रोज पिण्याची सवय असेल तर तीही एकदम न सोडता उपचाराखाली सोडायची, कारण तिथेही फिट येते.

---

औषधी_काउंटर | १५ जुलै, सकाळी ११:००

कोल्हापुरात मेडिकल चालवतो, एकवीस वर्षं झाली. काउंटरच्या या बाजूने चार गोष्टी.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-१ मधली औषधं. २०१४ च्या मार्चपासून नियम असा की चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं ठेवायची. गिऱ्हाईक चिडतं, "रोजचाच आहे ना मी!" रोजचे आहात म्हणूनच तर विचारतोय हो. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळी देणारी दुकानं आहेत, मी डोळे मिटून घेत नाही. आमच्या व्यवसायाने यात वाटा उचललाय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

दुसरं. डोस उतरवताना गोळी कापावी लागते. साधी गोळी टॅब्लेट कटरने कापा, सुरीने तुकडे सारखे होत नाहीत. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा ईआर आहे ती कधीच कापायची नाही. ती औषध सावकाश सोडायला बनवलेली असते, कापली की सगळं एकदम अंगात जातं. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या कापायला गेलं की भुगा होतो. डॉक्टरांना सांगून कमी ताकदीची साधी गोळी लिहून घ्या.

तिसरं. झोप येत नाही म्हणून सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या मागणारे रोज येतात. त्यांची गुंगी तीन-चार दिवसांत अंगवळणी पडते आणि मग नुसतं तोंड कोरडं राहतं. वयस्कर माणसांना तर लघवी अडकते, गोंधळल्यासारखं होतं.

---

दवबिंदू | १५ जुलै, रात्री ११:४०

मी मिशिगनमध्ये, आई पुण्यात एकटी, वय ७६. बाबा गेले तेव्हापासून ती नायट्राझेपाम घेते. गेल्या दिवाळीत रात्री बाथरूमला जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये कुणी गोळीबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, कारण मला ती "आईची झोपेची गोळी" एवढीच माहीत होती. नंतर वाचलं की या वयात या गोळ्यांनी पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

आई म्हणायची, "आता या वयात कशाला सोडू?" तिला एक गोष्ट सांगितली. कॅनडात क्वेबेक प्रांतात वयस्कर माणसांना फक्त एक माहितीपुस्तिका टपालाने पाठवली होती: ही गोळी तुमच्या वयात काय करते, आणि हळूहळू कशी उतरवतात. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली, न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांनी. आई हिशेबाची पक्की, पोस्टात नोकरी केलेली. म्हणाली, "टपालाने सुटत असेल तर मी का नाही?" आता दर महिन्याला तिचे डॉक्टर थोडी थोडी कमी करतायत. मी रोज माझ्या दुपारी, तिच्या झोपायच्या वेळी, व्हिडिओ कॉल लावून ठेवते. बोलत नाही फार. ती जप करते, मी काम करते.

---

पारिजात_अंगण | १६ जुलै, सकाळी ७:१५

आता रात्री कशा काढल्या ते लिहितो, ताईंचा मूळ प्रश्न तोच आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे झोप येत नाही म्हणून अंथरुणात जास्त वेळ पडून राहणं. रात्री साडेनऊला आडवा व्हायचो, सकाळी सातला उठायचो. डॉक्टरांनी दोन आठवडे वहीत लिहायला लावलं. साडेनऊ तास अंथरुणात, झोप सव्वापाच तास. उरलेले चार तास मी अंथरुणाला जागरणाची जागा बनवत होतो.

मग त्यांनी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत सुरू केली, सीबीटी-आय. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशावर गोळीआधी हीच करा असं सांगितलंय. माझ्यासाठी ठरलं: साडेबारापूर्वी अंथरुणावर जायचं नाही, सहाला उठायचंच, रात्र कशीही जावो. पाच तासांच्या खाली कधीच नेत नाहीत. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोपेत गेला की पंधरा मिनिटं वाढवायची. दुपारची डुलकी बंद.

पहिले बारा दिवस भयंकर गेले. ऑफिसात डोकं टेबलावर ठेवायची वेळ आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकलो. तेराव्या रात्री साडेबाराला पाठ टेकली आणि पुढचं आठवलं ते पावणेपाच. मी बायकोला उठवून सांगितलं.

मधे जाग आली आणि डोळा लागत नाहीये असं वाटलं की उठून बाहेरच्या खोलीत जायचो. मोबाइल नाही, टीव्ही नाही. आईने सुचवलं म्हणून तांदूळ निवडायला बसलो. मंद उजेडात हात चालू राहतात, डोकं रिकामं होत जातं. आमच्याकडे त्या वर्षी तांदळात एक खडा सापडला नाही कुणाला. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं. सकाळी उठल्या उठल्या मासुंदा तलावाला एक फेरी, डोळ्यांवर ऊन घ्यायला.

एक आकडा मला फार धीर देऊन गेला. क्वेबेकमध्येच २००३ साली ६५ माणसांवर अभ्यास झाला होता, सगळी झोपेसाठी बेन्झो घेणारी. नुसता डोस उतरवला त्यांच्यातले ३८ टक्के लोक शेवटी गोळीमुक्त झाले, डोस उतरवण्याबरोबर हे वर्तनोपचार केले त्यांच्यातले ७७ टक्के.

---

स्टेथोस्कोप | १६ जुलै, दुपारी १:३०

पारिजात यांनी छान लिहिलंय. फक्त एक जोड. झोपेचे तास आवळण्याचा भाग ज्यांना फिट येते, ज्यांना बायपोलर आजार आहे, जे रात्री गाडी किंवा यंत्र चालवतात, त्यांनी मनाने सुरू करू नये. झोप कमी झाली की फिट किंवा उन्माद उसळू शकतो. उतरणीच्या ऐन चढउतारात आम्हीही तो भाग सौम्य ठेवतो.

आणि उतरण्याचा वेग. अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये इतर संघटनांबरोबर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत म्हटलंय की सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करण्याचा विचार करावा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हे टक्के आत्ता चालू असलेल्या डोसवर मोजा. ०.७५ वरून ०.५ म्हणजे एका उडीत तिसरा हिस्सा गेला. ताईंचा मे महिना वाईट गेला यात त्यांचा काही दोष नाही. इंग्लंडात न्यूकॅसलला प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त याच उतरणीसाठी क्लिनिक चालवलं. रुग्णानेच वेग धरावा आणि अडलं तर त्या पायरीवर थांबावं, मागे वर जाऊ नये, ही त्यांची धारणा आजही उपयोगी पडते. अर्थात फिट, भ्रम किंवा आत्महत्येचे विचार आले तर थांबणं पुरेसं नाही, तातडीने दवाखाना.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

---

कृष्णाकाठ | २३ जुलै, सायंकाळी ६:००

तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं. गेले. डॉक्टरांसमोर तिन्ही स्ट्रिपा टेबलावर ठेवल्या. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता मला कळलं मे महिन्यात काय झालं ते."

ठरलं ते असं. अल्प्राझोलाम ०.५ वर थांबायचं, निदान सहा आठवडे खाली नाही, वरही नाही. झोल्पिडेम त्यांच्या देखरेखीखाली पहिल्यांदा खाली आणायची आणि महिन्याच्या आत बंद, तोवर गोळ्या यांच्या कपाटात, रोज रात्री हेच देणार. फॅमिली डॉक्टरांना त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहिली. माझा हिशेब माझ्यापुरता, कुणी उचलू नका.

मी विचारलं, रात्री दोनला जाग आली की काय करू? त्यांनी मला उलट विचारलं, "दोनला जाग आल्यावर पहिला विचार काय येतो?" मी म्हणाले, पाणी किती वाढलं असेल. तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्या पुरावरही उपचार करायला हवेत, तो भाग सहा वर्षं तसाच पडून आहे. पुढच्या महिन्यापासून एका समुपदेशक बाईंकडे जायचंय.

---

कृष्णाकाठ | २६ ऑगस्ट, पहाटे ४:२०

झोल्पिडेम बंद होऊन नऊ दिवस. पहिल्या चार रात्री मिळून जेमतेम दहा तास झोप. पाचव्या रात्री इतकी भडक स्वप्नं पडली की घाबरून उठले. जिवंत पाण्यासारखी स्वप्नं, शाळा, आई, सगळं. असं होतं का?

---

स्टेथोस्कोप | २६ ऑगस्ट, सकाळी ९:००

होतं. ही औषधं स्वप्नांचा टप्पा दाबू शकतात. ती मागे सरली की दबलेली स्वप्नं उसळी मारून येतात. काही आठवड्यांत ओसरतात. तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, पण घाबरू नका.

---

पारिजात_अंगण | २६ ऑगस्ट, सकाळी ९:२५

ताई, मला महिनाभर एकच स्वप्न पडायचं, मी लोकल चुकवतोय. आता तीही वेळेवर मिळते.

---

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४५

धागा वर काढतेय. अल्प्राझोलाम आता दर महिन्याला दहा टक्क्यांच्या आत कमी होतेय. डॉक्टरांनी कमी ताकदीची गोळी लिहून दिली, कटर कोल्हापूरच्या दादांनी सांगितलं तसा घेतला. सांगलीत मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, असा कुणी मागत नाही, मागवून देतो.

झोप अजून सलग नाही. साडेबाराला पाठ टेकते, तीन-साडेतीनला एकदा जाग येते. पूर्वी तिथून सकाळपर्यंत जागी असायचे. आता उठते, वाती वळते. दिवाळीला आमच्याकडच्या सगळ्या वाती माझ्या रात्रीच्या होत्या, शेजारीही वाटल्या. अर्ध्या तासात डोळे जड होतात. कानातली किणकिण आहे, पण वर्गात ऐकू येत नाही. समुपदेशक बाईंनी मला पुराचे नऊ दिवस एकेक करून लिहायला लावले. सातव्या दिवसापाशी अडकलेय. त्या दिवशी आमची गाय गेली होती.

परवा रात्री जोराचा पाऊस झाला, अवकाळी. मी उठले, दारापाशी गेले, फटीला हात लावला. कोरडी होती. परत येऊन झोपले. सकाळी यांनी सांगितलं की मी घोरत होते.

---

नवा_सदस्य_कराड | १२ नोव्हेंबर, पहाटे २:५०

हा धागा शोधता शोधता सापडला. बाबांच्या कपाटात आज क्लोनाझेपाम २ च्या सात स्ट्रिपा सापडल्या. वय ६९. कधीपासून घेतात विचारलं तर सांगत नाहीत. आई म्हणते सगळ्या फेकून दे. मी आत्ता त्या हातात घेऊन बसलोय. काय करू?

---

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, पहाटे ३:२०

फेकू नका. आज रात्री काहीच बदलू नका, बाबांचा जो डोस असेल तो चालू राहू द्या. स्ट्रिपा तुमच्याकडे ठेवा, त्यांचा फोटो काढा, त्यावरची तारीख आणि ताकद नीट दिसेल असा. सकाळी बाबांना चहा द्या आणि फक्त एवढंच विचारा की पहिली गोळी कुठल्या साली घेतली होती. का घेतली, ते विचारू नका, वेळ आली की ते सांगतील. मग त्यांना बरोबर घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून.

रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. पायपुसणं निसटणारं असेल तर आत्ताच उचलून ठेवा.

मी जागी आहे अजून अर्धा तास. काही विचारायचं असेल तर इथेच लिहा.